टाकळा, केना, गाजरगवत: तण कधी उगवायचं हे कोण ठरवतं, पाऊस की तापमान?

मालाड स्टेशनहून सुटणारी बेस्टची २७१ नंबरची बस मार्वे रोडने मढकडे निघाली की खिडकीतून दरवर्षी एकच दृश्य दिसतं. मे महिन्यात रस्त्याकडेची माती भाजून पांढरट पडलेली असते. कंपाउंडच्या भिंतीलगत, बंद बंगल्यांच्या आवारात, आक्सा-एरंगळच्या मोकळ्या जागांवर वाळलेल्या काड्यांशिवाय काही नसतं. मग पाऊस पडतो आणि आठवड्याभरात तीच जमीन हिरवीगार होते. तिथे कोणीही काही पेरलेलं नसतं.

या हिरव्या गर्दीत सगळ्यात आधी ओळखू येतो तो टाकळा. कोवळा असेपर्यंत तो भाजी असतो. जून-जुलैत मुंबईतल्या स्टेशनांबाहेर रानभाज्या विकायला बसणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत त्याच्या जुड्या असतात. पण तोच टाकळा शेतात उगवला तर शेतकरी त्याला तण म्हणतो. विदर्भात त्याचं नाव तरोटा आणि तिथे सोयाबीनच्या शेतात तो कोणालाच नको असतो.

टाकळा पावसाने उगवतो, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. कारण डिसेंबरमध्ये त्याच जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं तरी टाकळ्याची अशी गर्दी उगवत नाही. पाण्याच्या आधी आणखी एक गोष्ट बियांपर्यंत पोहोचावी लागते. ती म्हणजे तापमान.

हा फक्त वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातला मुद्दा नाही. पाऊस वेळापत्रक मोडू लागला आहे, खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि तणनाशकांवरून वाद सुरू आहेत. अशा वेळी तणाचं बी नेमकं कधी आणि का जागं होतं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

मे २०२५ मध्ये काय झालं होतं?

२६ मे २०२५ हा दिवस मुंबईकरांच्या लक्षात असेल तो आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात शिरलेल्या पाण्यामुळे. त्याच दिवशी हवामान विभागाने मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर केलं. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून आहे. म्हणजे पाऊस पंधरवडाभर आधी आला होता. हवामान विभागाच्या नोंदींनुसार ७५ वर्षांतलं हे सर्वांत लवकरचं आगमन होतं. कुलाबा वेधशाळेत मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रमही मोडला.

पण पुढे गंमत झाली. लवकर आलेला मान्सून मे संपता संपता रेंगाळला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्यात फारसा पुढे सरकला नाही. पेरणीची घाई करू नका, असं आवाहन कृषी विभागाने शेतकऱ्यांना केलं.

शेतकरी थांबले. तणं मात्र थांबली नाहीत.

एरवी मे महिन्यात नांगरट, वखरणी अशी मशागतीची कामं होतात आणि जमीन तापते. त्या वर्षी अनेक ठिकाणी जमीन ओली राहिल्याने वाफसाच मिळाला नाही. वाफसा म्हणजे जमीन ना चिखल, ना कोरडी, अवजार चालवता येईल इतपत ओलसर असणं. अवजार शेतात नेता येईना आणि दुसरीकडे माती गरम आणि ओली. तणाच्या बियांना याहून चांगलं काय हवं?

पण बी मातीत असतं किती वर्षं?

शेताच्या मातीत तणांच्या बियांचा मोठा साठा असतो. शास्त्रज्ञ त्याला बियांची बँक म्हणतात. गेल्या वर्षी गळलेलं बी त्यात असतं आणि दहा वर्षांपूर्वीचंही.

हा साठा किती टिकतो याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत तणांच्या बिया वाळूत मिसळून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बिया रुजतात का, हे पाहायचं होतं. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी, एक बाटली काढली गेली. त्यातल्या एका रानफुलाच्या बियांना तेव्हाही अंकुर फुटले. हा प्रयोग अजून सुरू आहे आणि शेवटची बाटली २१०० साली निघणार आहे.

प्रत्येक तणाचं बी एवढं टिकत नाही. पण मुद्दा लक्षात येतो. बी जिवंत असूनही रुजत नाही, या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. पिकांच्या बियांमध्ये माणसाने हजारो वर्षं निवड करून ही सुप्तावस्था जवळपास काढून टाकली आहे. गहू, भात, सोयाबीन पेरलं की चार-सहा दिवसांत सगळं एकदम उगवायला हवं, अशीच आपली अपेक्षा असते.

तणाचं तसं नसतं. एकाच झाडाच्या बियांपैकी काही या वर्षी उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते, कारण त्याने सगळं बियाणं एकाच पावसावर लावलेलं असतं. तण सगळं कधीच एका पावसावर लावत नाही. पहिली लाट वाळून गेली तरी दुसरी मातीत शिल्लक असते.

तापमान नेमकं काय करतं?

दोन वेगवेगळी कामं करतं आणि ती वेगळी करून पाहिली की बराच गोंधळ दूर होतो.

पहिलं काम, झोप मोडायची. बऱ्याच बियांना रुजण्याआधी ठरावीक प्रकारचं तापमान काही आठवडे सोसावं लागतं. कोणाला उन्हाळ्याची धग लागते, कोणाला हिवाळ्याची थंडी. बीच्या आत वाढ रोखून धरणारं ऍबसिसिक आम्ल आणि वाढीला चालना देणारं जिबरेलिन यांचा तोल असतो. योग्य तापमान मिळालं की हा तोल हळूहळू रुजण्याच्या बाजूला झुकतो.

दुसरं काम, वेग ठरवायचा. झोप मोडली आणि पाणी मिळालं की अंकुर किती दिवसांत येणार, हे तापमानावर ठरतं. प्रत्येक जातीची एक किमान मर्यादा असते आणि त्याखाली काहीच घडत नाही. त्यावर जेवढं तापमान, तेवढा वेग.

एक सोपं गणित पाहू. समजा एखाद्या तणाची किमान मर्यादा १० अंश आहे आणि अंकुरासाठी त्याला एकूण ६० अंश जमा करायचे आहेत. माती ३० अंशांवर असेल तर दिवसाला २० अंश जमा होतील आणि तिसऱ्या दिवशी अंकुर दिसेल. माती २० अंशांवर असेल तर दिवसाला १० अंशच जमा होतील आणि सहा दिवस लागतील. म्हणून जूनच्या उबदार ओल्या मातीत तण रातोरात आल्यासारखं वाटतं.

पण वरही एक मर्यादा असते. तापमान फार वाढलं तर रुजणं थांबतं, काही बिया पुन्हा झोपी जातात. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर आणि पालक नीट उगवत नाहीत, हा अनुभव कुंडीत भाजी लावणाऱ्या अनेकांना असेल. कारण हेच आहे.

टाकळ्याचं कुलूप

टाकळ्याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याच्या बीचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. बी पाण्यात ठेवलं तरी ते खड्यासारखं पडून राहतं.

रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना हे माहीत असतं. बहावा, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बिया पेरण्याआधी त्यांच्यावर गरम पाणी ओततात. उष्णतेने कवच ठिसूळ होतं आणि पाण्याला वाट मिळते. टाकळा याच शेंगांच्या कुळातला, बहाव्याचा तर जवळचा नातेवाईक. रानात त्याच्या बियांवर गरम पाणी कोण ओतणार? ते काम उन्हाळा करतो.

मातीचा वरचा थर दिवसा तापतो, रात्री निवतो. कवच रोज थोडं ताणलं जातं, थोडं आक्रसतं. काही आठवड्यांनी त्यातली एखादी कमजोर जागा उघडते. ऑस्ट्रेलियात कुरणांमध्ये वाढणाऱ्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्यावर याचा भरपूर अभ्यास झाला आहे. तिथे प्रयोगशाळेत बिया दिवसा ६० आणि रात्री १५ अंशांवर ठेवून उन्हाळ्याची नक्कल करतात आणि आठवड्यागणिक किती बियांची कवचं उघडली, हे मोजतात.

सगळी कवचं एकाच उन्हाळ्यात उघडत नाहीत. जी उघडली ती पहिल्या पावसात पाणी पितात आणि उगवतात. बाकीची पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहतात. मढच्या रस्त्याकडेला जूनमध्ये दिसणारा टाकळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये ज्यांचं कुलूप उघडलं, त्या बियांची तुकडी.

समुद्राकाठी उन्हाळा सौम्य असतो, मग?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत मे महिन्यात दिवसाचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं आणि रात्री ते २७ च्या आसपास येतं. नागपुरात पारा ४२-४३ पर्यंत जातो. मढला तर तिन्ही बाजूंनी पाणी आणि खारा वारा. मग बियांना धग मिळते कुठून?

उत्तर आहे, मातीतून. हवामान विभाग सांगतो ते तापमान सावलीत, जमिनीपासून काही फुटांवर मोजलेलं असतं. बी तिथे नसतं, बी मातीत असतं. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग दुपारच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हवा ३४ अंशांवर असतानाही तो ५० च्या पुढे जाऊ शकतो. आक्साच्या वाळूवर मे महिन्यातल्या दुपारी अनवाणी चालून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि हा तापण्या-निवण्याचा खेळ फक्त वरच्या थरात चालतो. बोटभर खाली तो कमी होतो. वीतभर खाली दिवस आणि रात्र यांत फारसा फरक उरत नाही. त्यामुळे दिवस-रात्रीतला फरक ही बीसाठी एक खूणच ठरते. फरक मोठा असेल तर आपण वर आहोत, फरक नसेल तर खोल गाडले गेलो आहोत. खोल असताना अंकुर काढला तर तो वर पोहोचण्याआधीच संपेल.

ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात केन थॉम्प्सन आणि फिलिप ग्राइम यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक रानवनस्पतींवर हे तपासलं. कित्येक जातींच्या बिया स्थिर तापमानाला रुजत नव्हत्या, पण दिवस-रात्रीत फरक ठेवला की रुजत होत्या. या फरकावरून बीला आणखी एक गोष्ट कळते. वर दाट झाडोरा असेल तर माती सावलीत राहते आणि फरक कमी होतो. जमीन उघडी पडली की फरक वाढतो. म्हणजे जागा मोकळी आहे, स्पर्धा नाही, हे बीला तापमानावरूनच समजतं.

जेसीबीने झाडोरा काढून साफ केलेल्या प्लॉटवर पुढच्या पावसात तणांचं रान का माजतं, याचं एक कारण इथे आहे. साफसफाईने जमीन उघडी पडते आणि खोलवरचं बी वर येतं.

केन्याचं बी चार प्रकारचं

पावसाळ्यात निळ्या इवल्या फुलांनी ओळखू येणारा केना हे आणखी एक उदाहरण. तो जमिनीवर तर फुलतोच, पण जमिनीखालीही त्याला फुलं येतात आणि तिथेही बी धरतं. वरची मोठी, वरची लहान, खालची मोठी आणि खालची लहान अशा चार तऱ्हेच्या बिया एकाच झाडावर होतात. त्यांची सुप्तावस्थाही सारखी नसते. त्यामुळे केना एकदा खुरपून काढला तरी पुन्हा पुन्हा येतो.

उन्हाळ्याची तणं, हिवाळ्याची तणं

तापमानाची निवड प्रत्येक तणाची वेगळी असते, म्हणूनच खरिपाची आणि रब्बीची तणं वेगळी. टाकळा, केना, कुर्डू ही पावसाळ्यातल्या उबदार मातीतली. चाकवत मात्र दिवाळीनंतर थंडी पडू लागली की गहू-हरभऱ्याच्या शेतात दिसतो. तोही भाजी आणि तण दोन्ही.

या निवडीचा शेतीत उपयोग कसा होऊ शकतो, याचं देशातलं सर्वांत बोलकं उदाहरण हरियाणा-पंजाबातलं आहे. तिथे गव्हात गुल्ली डंडा नावाचं तण येतं आणि ते लहानपणी हुबेहूब गव्हासारखं दिसतं. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वापरलं. १९९० च्या दशकात हे तण त्या औषधाला दाद देईनासं झालं आणि गव्हाचं प्रचंड नुकसान होऊ लागलं.

तेव्हा उपाय सापडला तो निम्मा तापमानात होता. गुल्ली डंडा थंड मातीत जोमाने उगवतो, माती गरम असताना त्याची उगवण मंदावते. मग गहू ऑक्टोबरच्या अखेरीस, माती अजून उबदार असतानाच पेरायचा. थंडी पडून तण उगवेपर्यंत गहू हातभर पुढे गेलेला असतो. जोडीला नांगरट न करता पेरणी केली की खालचं बी खालीच राहतं.

गाजरगवताला ऋतूच नाही

महाराष्ट्राचं सर्वांत कुप्रसिद्ध तण मात्र ऋतूच्या चौकटीत बसत नाही. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी त्याची अनेक नावं आहेत. देशात ते पसरत असल्याची पहिली ठळक नोंद पुण्यातली, १९५५ सालची. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि चट्टे येतात, परागकणांनी काहींना दम्यासारखा त्रास होतो.

एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या रुजण्यासाठी तापमानाचा पल्ला मोठा चालतो. ओल मिळाली की जूनमध्येही उगवतं आणि जानेवारीतही. म्हणून वर्षभरात त्याच्या एकापेक्षा जास्त पिढ्या होतात.

त्याच्यावर सोडण्यासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकोतून भुंगेरे आणले गेले. त्यांचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा. पावसाळ्यात ते गाजरगवताची पानं फस्त करतात. पण थंडीत ते मातीत जाऊन निपचित पडतात आणि गाजरगवत तेव्हाही उगवत राहतं. शत्रूला तापमानाची मर्यादा आहे आणि तणाला जवळपास नाही, हीच अडचण आहे.

यावरच्या उपायांपैकी एक उपाय म्हणजे आपला टाकळा. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून गाजरगवताच्या पडीक जागांवर टाकळ्याचं बी टाकण्याची शिफारस केली जाते. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवतो, जमिनीवर सावली धरतो आणि गाजरगवताला जागाच उरत नाही.

कोकणाला हे आधीच माहीत होतं का?

बऱ्याच अंशी हो. कोकणात भाताची रोपं तयार करण्याआधी त्या तुकड्यावर राब भाजतात. शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या डहाळ्यांचा कवळ यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते पेटवतात. दक्षिण कोकणात यालाच भाजावळ म्हणतात. मढ, एरंगळ, मनोरी, गोराई या भागातही पूर्वी भातशेती होती आणि हा सगळा साष्टीचा परिसर भातासाठीच ओळखला जाई.

राबाने राखेचं खत मिळतं, हे एक. दुसरं म्हणजे वरच्या थरातलं तणाचं बी भाजून मरतं. भाताचं रोप आणि भातातलं तण लहानपणी सारखंच दिसतं, त्यामुळे रोपवाटिकेतच तण कमी असणं फार मोलाचं होतं.

इंग्रजी राजवटीत यावरून मोठा संघर्ष झाला. राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्यावर वनखात्याने बंधनं आणली आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी नाराज झाले. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. राब ही अडाणी पद्धत आहे की शहाणी, हा वाद पुढेही चालला. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राब पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.

आज धूर आणि झाडतोड पाहता राब भाजणं सरसकट सुचवता येणार नाही. पण त्यामागचं तत्त्व धुराशिवायही वापरता येतं.

बिनधुराचा राब

इस्रायलमध्ये जेकब काटन यांनी १९७६ मध्ये मांडलेली मृदा सौरतापन ही पद्धत आता भारतातही वापरली जाते. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवायचा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीने बंद करायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. वरच्या थराचं तापमान ५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जातं.

यात भिजवणं सर्वांत महत्त्वाचं. कोरडं बी भयंकर उष्णता सोसतं. ओलं बी जागं झालेलं असतं आणि तेवढ्याच उष्णतेत मरतं.

याच्या मर्यादाही आहेत. टाकळ्यासारखी कडक कवचाची बी यातून वाचतात, काहींचं तर कुलूप उघडतं. लव्हाळा मुख्यतः जमिनीतल्या गाठींपासून येतो आणि खोलवरच्या गाठींपर्यंत धग पोहोचत नाही. शिवाय एकरभर शेतावर प्लास्टिक अंथरणं परवडत नाही. रोपवाटिका, भाजीचे वाफे, घरची बाग यांसाठी ती उत्तम.

मोठ्या शेतासाठी जुनाच मार्ग आहे. पहिल्या पावसावर तणाची पहिली लाट उगवू द्यायची, वाफसा आला की हलकी वखरणी करून ती मारायची आणि मग पेरायचं. वखरणी उथळच हवी, खोल नांगरट केली तर नवं बी वर येतं. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरट आणि चिखलणी टाळण्यावर भर आहे. न हलवलेल्या जमिनीत खालचं बी खाली, अंधारात आणि एकसारख्या तापमानात पडून राहतं.

मग चिंता कशाची?

चिंता आहे ती वेळेची. उगवलेली पहिली लाट मारून मग पेरायचं, यासाठी पाऊस आणि पेरणी यांच्यात काही कोरडे दिवस लागतात. मे २०२५ सारखा पाऊस झाला तर लाट उगवते, पण जमीन इतकी ओली असते की वखर चालत नाही. ही खिडकी हुकली की पुढचा सगळा भार खुरपणीवर किंवा औषधावर येतो.

खुरपणी मुख्यतः बाया करतात, वाकून, दिवसभर, बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा कमी मजुरीत. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, ही शेतकऱ्यांची तक्रारही खरी आहे. याच कारणाने जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कायद्याची परवानगी नसलेलं, तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं होतं. दुसरीकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचं बंधन घातलं. माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचा धोका हे कारण सांगण्यात आलं.

या दोन टोकांच्या वादात तण कधी उगवतं, हा प्रश्न मागे पडतो. गुल्ली डंड्याने दाखवून दिलं की एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं तर तण त्याला सरावतं. पेरणीची वेळ तापमान पाहून साधली तर औषधाची आणि खुरपणीची दोन्हीची गरज कमी होते, हेही त्यानेच दाखवलं.

तापमानवाढीने सगळीच तणं माजतील, असं म्हणणंही घाईचं ठरेल. थंडी लागणाऱ्या चाकवतासारख्या तणांचा हंगाम आखडू शकतो. लवकर आलेल्या पावसाने माती निवते, म्हणजे टाकळ्याच्या कुलपाला मिळणारी धगही कमी दिवस मिळते. अशा वर्षी एक मोठी लाट येण्याऐवजी लहान लहान लाटा येत राहण्याची शक्यता असते. शेतकऱ्यासाठी ते जास्त त्रासाचं, कारण एका वखरणीत काम भागत नाही.

मढमध्ये किंवा तुमच्या गल्लीत काय करता येईल?

सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानाकडेला गाजरगवत असेल तर ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. पांढरी फुलं आल्यावर उपटून तिथेच टाकलं तर पुढच्या पिढीचं बी आपणच पेरतो.

बागेचा वाफा किंवा मोठी कुंडी पावसाळ्यात वापरायची असेल तर मेच्या सुरुवातीला ती भिजवून पारदर्शक प्लास्टिकने झाकून उन्हात ठेवायची. रिकामी माती उघडी न ठेवता पालापाचोळ्याने झाकली तर दिवस-रात्रीतला फरक कमी होतो आणि बरंचसं बी झोपूनच राहतं.

टाकळा उपटायची घाई मात्र नको. जूनमध्ये कोवळी पानं खुडून भाजी करता येते आणि गाजरगवताची जागा तोच अडवतो. शेतात नको असेल तर शेंगा वाळून तडकण्याआधी, म्हणजे साधारण दिवाळीच्या आत, तो कापून टाकायचा. एकदा बी मातीत पडलं की ते पुढचे कित्येक उन्हाळे तिथेच आपली पाळी येण्याची वाट पाहणार आहे.